करवंदाची जाळी आत्ताच हेरून ठेवा, बी थांबत नाही

मे संपत आलाय, डोंगरात करवंदं काळीभोर झालीत, आणि ज्यांना यंदा बांधाला करवंदाचं कुंपण करायचंय त्यांच्यासाठी घाईघाईने लिहितोय. एकदा पाऊस लागला की फळं सडतात, अळ्या पडतात, आणि मग कुठल्या जाळीची करवंदं गोड होती ते कोणालाच सांगता येत नाही, सगळ्या जाळ्या सारख्याच हिरव्यागार दिसतात.

रानातली प्रत्येक जाळी बियांपासून उगवलेली, त्यामुळे चव वेगवेगळी असते. एक साखरेसारखी, तिच्याच शेजारची दात आंबवणारी, एखादीत गर कमी नि बियाच जास्त. म्हणून या आठवड्यात सकाळी फिरा, दहा-बारा जाळ्यांची चार-चार फळं खाऊन बघा. लहानपणी कोंबडा का कोंबडी खेळायचो तसंच फळ फोडून आत बघा, गर किती नि बिया किती ते कळतं. जी जाळी आवडेल तिला लाल चिंधी बांधा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा.

ओळखताना एक गोष्ट फार महत्त्वाची, खास करून नवीन लोकांसाठी. करवंदाची पानं समोरासमोर, जाड, चकचकीत, काटे टणक नि बऱ्याचदा टोकाला दुभंगलेले, पान तोडलं की पांढरा चीक येतो, फूल पांढरं चांदणीसारखं नि वासाला छान. पण नुसत्या चिकावर जाऊ नका! पिवळ्या कण्हेरीलाही पांढरा चीक असतो, तिचं हिरवं फळ पिकून काळं पडतं, आणि ते जहाल विषारी आहे. तिला काटा नसतो, पानं लांब अरुंद असतात नि फळात मोठी कठीण आठळी असते. पोरांना हेच शिकवा, काटा नाही तर फळ तोंडात नाही. उलट काटे आहेत पण चीक नाही, तर ते गेळा, अळू (भाजीचं नव्हे, रानातलं काटेरी झाड), आटक असं दुसरं काहीतरी असणार, करवंद नव्हे.

आता बी. मी एका वर्षी बिया उन्हात खडखडीत वाळवून बरणीत भरल्या, म्हटलं पाऊस चांगला बसला की निवांत टाकू, आणि शंभरातल्या चार-पाचसुद्धा उगवल्या नाहीत, अख्खं वर्ष वाया गेलं. करवंदाचं बी फार दिवस टिकत नाही. पूर्ण काळी फळं कुस्करून राखेने चोळून धुवायची, म्हणजे चिकटपणा जातो, पाण्यावर तरंगणाऱ्या बिया फेकायच्या, बाकीच्या सावलीत पसरून वरचं पाणी सुकलं की त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी पिशवीत लावायच्या. माती, वाळू, कुजलेलं शेणखत सारखं घ्या, बी बोटाच्या अर्ध्या पेराएवढंच खोल, पिशवीला खाली भोकं हवीतच. साधारण तीन-चार आठवड्यांत कोंब दिसतो. रोप हळू वाढतं, त्यामुळे पुढच्या पावसाळ्यापर्यंत ते पिशवीतच ठेवा.

बियांच्या रोपाला आईचीच चव येईल याची खात्री नसते. कुंपणाला चालतं, पण विक्रीसाठी फळ पाहिजे असेल तर चिंधी बांधलेल्या जाळीवर पावसाळ्यात गुटी बांधा (म्हणजे फांदीची साल काढून तिथेच मुळं फुटवून नवं रोप करायचं), किंवा दापोलीच्या कृषी विद्यापीठाची कोकण बोल्ड ही मोठ्या फळाची जात मिळते का बघा. डोंगरातली मोठी जाळी मुळासकट उपटून आणायचा नाद मात्र करू नका, मुळं खडकात लांबवर गेलेली असतात, उपटलेली जाळी बहुतेक मरते, आणि त्याच जाळीवर वाडीतल्या बायकांची मेमधली पाटी भरत असते.

लावताना कुंपणाला दोन-तीन फुटांवर एक रोप, फळबाग असेल तर दहा फूट अंतर धरा. मुरमाड, उताराची जमीन चालते, पाणी साचणारी अजिबात नाही. पहिली दोन वर्षं उन्हाळ्यात अधूनमधून पाणी द्या, आणि शेळ्या कोवळे शेंडे खातात म्हणून बाहेरून काटेरी फांद्या टाका. एकदा जाळी जमली की गुरं आत येत नाहीत, रानडुकरांची मात्र मी हमी देणार नाही. फळं काढून झाली की दरवर्षी हलकी छाटणी करा, जाळी खालून दाट होते.

फळ तिसऱ्या-चौथ्या वर्षी धरतं, कच्ची एप्रिलमध्ये लोणच्याला जातात, पिकलेली मेमध्ये. पण फुलं उन्हाळ्याच्या तोंडाशी येतात आणि नेमके तेव्हाच वणवे लागतात, म्हणून जानेवारीतच कुंपणाबाहेरचं चार-पाच फूट गवत कापून जाळपट्टा मोकळा करून ठेवा.