आरएफ पॉवर ॲम्प्लिफायर वापरताना या चुका टाळा

आरएफ पॉवर ॲम्प्लिफायर रेडिओ सिग्नलची पॉवर वाढवतो. १०० वॅट म्हणजे ५० डीबीएम (पॉवरचं एकक; दर १० डीबीला पॉवर दहापट). हे ज्याला तोंडपाठ नाही, त्याला मी ॲम्प्लिफायरच्या आउटपुटला हात लावू देत नाही. बहुतेक स्पेक्ट्रम ॲनलायझर (सिग्नल मोजणारी उपकरणं) जेमतेम ३० डीबीएम, म्हणजे १ वॅट सोसतात. मध्ये ४० डीबीचं ॲटेन्युएशन, म्हणजे सिग्नल कमी करणारं काहीतरी हवं, एवढं सगळ्यांना कळतं. ती उष्णता कोण पचवणार, हे मात्र कुणी विचारत नाही.

एका लॅबमध्ये माझ्या डोळ्यांदेखत घडलेला प्रकार. २० डीबीचे दोन ॲटेन्युएटर होते: एक १०० वॅटचा, जाडजूड हीटसिंकवाला, दुसरा २ वॅटचा, बोटाच्या पेराएवढा. मोठा जड, तो ॲनलायझरशेजारी टेबलावर नीट बसत होता, म्हणून नव्या मुलाने छोटा आधी लावला. बेरीज ४० च, कागदावर काहीच चूक नाही. पण २० डीबीचा पहिला ॲटेन्युएटर १०० पैकी ९९ वॅट स्वतःच गिळतो. काही सेकंदांत जळका वास आला आणि रिव्हर्स पॉवरचा (ॲम्प्लिफायरकडे परतणाऱ्या पॉवरचा) आकडा सरसर चढला, कारण आतला रेझिस्टर तुटून ओपन झाला होता. संरक्षण सर्किटने पॉवर उतरवली म्हणून ॲम्प्लिफायर वाचला.

मोठा ॲटेन्युएटर नेहमी ॲम्प्लिफायरकडे. त्यावर इनपुटची बाजू छापलेली असेल तर ती पाळा, कारण असे बरेच ॲटेन्युएटर एकाच दिशेने पूर्ण पॉवर पेलतात. मी त्या टोकाला लाल टेप गुंडाळून ठेवतो.

दुसऱ्या चुकीला वास येत नाही, म्हणून ती जास्त वाईट. आयईसी ६१०००-४-३ या, रेडिओ लहरींपुढे उपकरण टिकतं का हे तपासणाऱ्या मानकामध्ये १० व्होल्ट प्रति मीटर ही पातळी मॉड्युलेशनविना धरलेली असते. चाचणीत त्यावर १ किलोहर्ट्झचं ८० टक्के एएम (सिग्नलची उंची कमी-जास्त करणारं मॉड्युलेशन) चढतं. शिखरावर फील्ड १.८ पट, म्हणजे पॉवर ३.२४ पट. मॉड्युलेशनविना ४० वॅट लागत असतील तर शिखराला १३० वॅट हवेत. १०० वॅटचा ॲम्प्लिफायर तिथे शिखरं कापतो, ग्राहकाचं उपकरण आपल्याकडे पास होतं आणि दुसऱ्या लॅबमध्ये नापास. वर कापलेल्या सिग्नलमधून हार्मोनिक (मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतले नको असलेले सिग्नल) निघतात, आणि फील्ड मोजणारा ब्रॉडबँड फील्ड प्रोब त्यांच्यासकट बेरीज दाखवतो.

म्हणून मी थेट १८ व्होल्ट प्रति मीटरला कॅलिब्रेट करतो, मग जनरेटर ५.१ डीबीने खाली आणतो. आउटपुट ३.१ डीबीसुद्धा उतरलं नाही, तर ॲम्प्लिफायर सॅच्युरेट झालाय, म्हणजे त्याची पॉवर संपलीय. हे प्रत्येक फ्रिक्वेन्सीला बघायचं. वेळ वाचवायला चार-दोन ठिकाणी तपासून बाकीचं गृहीत धरणाऱ्यांचा रिपोर्ट मी सही न करता परत पाठवतो.

बाकीच्या चुका थोडक्यात. जनरेटरवर कालची लेव्हल तशीच ठेवून ॲम्प्लिफायर चालू करू नका. आधी आरएफ बंद, लेव्हल उणे ३० डीबीएम. आउटपुट उघडं ठेवून तर कधीच नाही. एन कनेक्टर नुसत्या हाताने फिरवून सोडू नका, टॉर्क रेंच वापरा. सैल राहिला तर मधली पिन काळी पडते. आणि चेंबरच्या (चाचणीच्या बंद खोलीच्या) दाराचा इंटरलॉक, म्हणजे दार उघडताच पॉवर तोडणारा स्विच, तारेने शॉर्ट करणारा माणूस माझ्या लॅबमध्ये दुसऱ्या दिवशी नसतो.