गच्चीवरचा वीजरोधक मे महिन्यातच बघून घ्या

पणजी, म्हापसा, मडगाव कुठंही दुकानांची बिल्डिंग किंवा हॉटेल असेल तर पाऊस सुरू व्हायच्या आधी गच्चीवर एक चक्कर माराच, कारण आपल्याकडे विजा मे अखेर आणि परत ऑक्टोबरात जास्त कडाडतात. वरचा रॉड उभा दिसतो म्हणून सगळं ठीक असं नसतं हां, खरी भानगड जॉइंटमध्ये असते. खाऱ्या हवेनं क्लॅम्प गंजतात, त्यात तांब्याची पट्टी थेट जीआयला (जस्त चढवलेल्या लोखंडाला) जोडली असेल तर जीआय अजून लवकर गंजतं, तिथं दोन वेगळे धातू जोडायचा बायमेटॅलिक क्लॅम्पच हवा. खाली येणारी पट्टी कुणी रंगकाम करताना कापली-वाकवली नाही ना तेही बघा (हे लय वेळा होतं).

अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून टेस्टरवर मोजून घ्या, सगळ्या पिटांचं (अर्थिंगच्या खड्ड्यांचं) मिळून १० ओहमच्या आत पाहिजे. जमीन सुकी असतानाच मोजा, पावसात आकडा उगाच चांगला येतो, चिऱ्याच्या जमिनीत तर जास्तच. आभाळ गडगडत असेल तर टेस्ट लिंक (मोजणीसाठी पट्टी अर्थिंगपासून सुटी करायचा जोड) खोलायची नाही, गच्चीवरपण जायचं नाही.

आणि मेन पॅनलमधल्या एसपीडीची (विजेचा अचानक आलेला जादा दाब अडवणाऱ्या उपकरणाची) खिडकी लाल झाली असेल तर कार्ट्रिज बदला.