जुगाराच्या व्यसनाची पाहणी: मराठीत प्रश्न कसे विचारायचे

‘तुम्ही जुगार खेळता का?’ या प्रश्नाने सुरुवात करू नका. रोज लॉटरीचं तिकीट घेणारा, मोबाइलवर पैसे लावून रमी खेळणारा, फक्त दिवाळीत तीन पत्तीला बसणारा, तिघंही मनापासून ‘नाही’ म्हणतील. ‘जुगारी’ हा शब्द आपल्याकडे शिवीसारखा लागतो. म्हणून एकेक खेळ नावानिशी विचारा: मटक्याचा आकडा, लॉटरी, पत्ते, क्रिकेटचा सट्टा, घोड्यांची शर्यत, कॅसिनो, मोबाइलवरचे पैशांचे खेळ. मुदत गेल्या १२ महिन्यांची ठेवा.

एका जरी खेळाला होकार आला, तर पीजीएसआय घ्या. कॅनडात २००१ साली तयार झालेली ही ९ प्रश्नांची प्रश्नावली. ‘कधीच नाही’ ०, ‘कधी कधी’ १, ‘बहुतेक वेळा’ २, ‘जवळजवळ नेहमी’ ३. बेरीज १-२ आली तर धोका कमी, ३ ते ७ मध्यम, ८ किंवा जास्त म्हणजे समस्या गंभीर. उत्तर सुटलं असेल तर तिथे शून्य मांडू नका. बेरीज खोटी उतरते.

सगळ्यात जास्त घोळ भाषांतरात होतो. ‘परवडेल त्यापेक्षा जास्त लावले का?’ असं विचारलं की कर्ज काढून खेळणाराही ‘परवडतं की’ म्हणतो. ‘गेले तरी घरखर्च अडणार नाही, त्याहून जास्त पैसे लावलेत का?’ हे नेमकं लागतं. हरलेले पैसे काढायला ‘दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलात का’ या प्रश्नात मोबाइलवाला अडतो, कारण तो कुठे जातच नाही. ‘पुन्हा खेळलात का’ म्हणा. दोघांनी वेगवेगळं भाषांतर करावं, तिसऱ्याने मूळ न पाहता ते उलट इंग्रजीत न्यावं. मग आठ-दहा खेळणाऱ्यांना प्रत्येक प्रश्न स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा. चुका इथेच सापडतात.

‘किती पैसे घालवता?’ हाही फसवा प्रश्न. घरून ५०० नेले, १,२०० जिंकले, तेही लावून हरला. एक जण ५०० सांगेल, दुसरा १,७००. ‘नेले किती, परत आणले किती’ असंच विचारा.

बेरीज म्हणजे निदान नव्हे. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तकातही जुगाराच्या व्यसनाचे ९ निकष आहेत आणि त्यातले ४ पुरतात, म्हणून नवखे दोन्ही आकडे एकमेकांत मिसळतात. शिवाय समजा १,००० जणांत १० खरे रुग्ण आहेत. चाचणीने त्यातले ९ पकडले आणि उरलेल्या ९९० पैकी फक्त २ टक्क्यांवर चुकीचा शिक्का मारला, तरी २९ नावांत २० निर्दोष असतील. निदान मुलाखतीतूनच करावं.

मुलाखत एकट्याची घ्या. बायको किंवा आई शेजारी असली की उसनवारीचा प्रश्न कोरडा जातो. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे, तेव्हा कागदावर नाव नको, फक्त क्रमांक. कुठला क्रमांक कोणाचा, ही यादी वेगळ्या कुलपात ठेवा. ज्याची बेरीज ८ किंवा जास्त येईल, त्याला उठण्याआधी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहून द्या आणि जगणं नकोसं वाटतं का, हे स्पष्ट विचारा. ‘हो’ म्हणाला तर प्रश्नावली बाजूला ठेवा, त्याला एकटं सोडू नका आणि तिथूनच फोन लावून द्या.