न्यूझीलंडमधलं गारठलेलं घर शेजाऱ्यांनी मिळून उबदार कसं करावं

न्यूझीलंडमध्ये नव्याने आलेल्या मराठी कुटुंबांना पहिल्याच हिवाळ्यात, जून-जुलैत, कळतं की इथली थंडी घरातच जास्त बोचते. १९७८ पूर्वीची घरं इन्सुलेशनच्या (ऊब बाहेर जाऊ न देणाऱ्या थराच्या) सक्तीशिवाय बांधलेली, लाकडी आणि एकेरी काचांची. थंड भिंतीवर ओल धरते, ओलीवर बुरशी येते आणि मुलांचा खोकला हटत नाही. मोठा हीटर आणायच्या आधी पुढची कामं करा. चार-पाच घरांनी मिळून शनिवार-रविवारी केली तर ती झपाट्याने उरकतात.

आधी मोजा. इथली बरीच वाचनालयं घराची ऊर्जा तपासण्याचं किट घरी नेऊ देतात. एकाने आणलं की सगळ्यांची घरं तपासून होतात. बैठकीच्या खोलीत निदान १८ अंश हवेत. सकाळी निजायच्या खोलीच्या काचांवरून पाणी ओघळत असेल, तर आधी ओलीच्या मागे लागा.

ओल थांबवा. आपल्या स्वयंपाकात वाफ फार. कुकर लावला की वाफ बाहेर फेकणारा पंखा चालू आणि खिडकी किलकिली. कपडे घरात वाळत घालू नका. धुराडं नसलेला गॅस हीटर तर बंदच करा, त्याच्या ज्योतीतून खोलीत पाण्याची वाफ आणि घातक वायू दोन्ही येतात.

घर जमिनीपासून उचललेलं असेल तर खालच्या मातीतूनही ओल वर चढते. मातीवर जाड पॉलिथिन अंथरा, एका पट्टीवर दुसरी चांगली चढवून टेपने चिकटवा. दोघं खाली सरपटत, एक जण बाहेरून पॉलिथिन सरकवणारा, असं जमतं. मात्र घराच्या तळाला खालून चकाकणारं फॉइल ठोकलेलं दिसलं तर आत शिरू नका. त्यातून वीज उतरून इथे माणसं दगावली आहेत, म्हणून २०१६ पासून ते बसवायला बंदी आहे. आधी इलेक्ट्रिशियनला बोलवा.

फटी बुजवा. दाराखाली, खिडकीच्या कडेला ओला हात फिरवा, वारा लगेच कळतो. चिकटपट्टीचा फोम पुरतो.

पडदे नीट लावा. माझ्या मते कमी पैशांत सर्वात जास्त फरक इथेच पडतो, आणि सर्वात जास्त चुकाही इथेच होतात. काचेजवळची हवा गार होऊन खाली घसरते आणि पडद्याच्या वरच्या फटीतून खोलीतली ऊबदार हवा आत ओढून घेते. म्हणून पडदा जमिनीला टेकलेला, चौकटीच्या दोन्ही बाजूंना वीतभर जास्त आणि अस्तर लावलेला हवा. दिवस मावळायच्या आधी तो ओढून घ्या. वेलिंग्टनसारख्या शहरांत ‘कर्टन बँक’ आहेत. तिथे लोकांनी दिलेले जुने पडदे दुरुस्त करून गरजू घरांना देतात. तुमच्या मराठी मंडळात कोणाला शिवणयंत्र चालवता येत असेल तर तिथे हातभार लावा, आणि स्वतःला गरज असेल तर मागायला संकोचू नका.

भाडेकरू असाल तर इन्सुलेशन, बैठकीच्या खोलीतला हीटर आणि हवा खेळती ठेवण्याची सोय ही घरमालकाची जबाबदारी आहे. १ जुलै २०२५ पासून भाड्याच्या सर्व घरांनी ‘हेल्दी होम्स’ची, म्हणजे भाड्याचं घर उबदार आणि कोरडं ठेवण्याची सरकारी मानकं पाळायलाच हवीत. आधी लेखी कळवा. दाद लागली नाही तर १४ दिवसांची नोटीस द्या, आणि तरीही काम झालं नाही तर टेनन्सी ट्रायब्युनलकडे (घरमालक-भाडेकरूंचे वाद सोडवणाऱ्या न्यायाधिकरणाकडे) जा. नव्याने आलेल्याला एकट्याने असं पत्र लिहायची भीती वाटते, तेव्हा मंडळातल्या जुन्या कुणीतरी शेजारी बसून ते लिहून द्यावं.