प्रदर्शनात दागिन्यांचा स्टॉल लावताय? या चुका टाळा

पहिल्यांदाच मोठ्या प्रदर्शनात उतरणारी मंडळी महिनोन्‌महिने मणी करत, माळा ओवत बसतात आणि स्टॉलचा विचार आदल्या रात्री करतात. मग दुपारी जेवायच्या वेळेला तक्रार ठरलेली: "गर्दी तर आहे, पण कुणी थांबतच नाही." थांबणार कसं? टेबलावर काय मांडलंय ते चार पावलांवरून दिसतच नाही.

दर रांगेत दिसणारी चूक म्हणजे सगळा माल टेबलावर आडवा पसरून ठेवणं. घडीचं टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतं. त्यावरचं कानातलं नीट बघायचं तर कमरेत वाकावं लागतं, आणि मागून धक्के बसत असताना कुणी वाकत नाही. मी टेबलाच्या पायांखाली प्लॅस्टिकच्या पाइपचे एकाच मापाचे तुकडे घालते आणि टेबल ९० सेंटिमीटरच्या वर नेते. मागच्या बाजूला उभे स्टँड, त्यावर माळा, शक्यतो डोळ्यांच्या उंचीला. पुढे बुटकं, मागे उंच. कापड एकरंगी आणि बिनचकाकीचं. फुलाफुलांच्या कापडावर बहुरंगी मणी ठेवले की दोन्ही दिसेनासे होतात. आणि सगळा माल एकदम मांडायचा मोह आवरा. निम्मा खाली डब्यात राहू द्या, विकला जाईल तसा वर काढा.

उजेडाचंही तेच. सभागृहाचे दिवे छताला असतात, त्यामुळे गिऱ्हाईक टेबलाशी आलं की त्याचीच सावली मालावर पडते. आपले दिवे आपण न्यावेत. दिवा घेताना खोक्यावरचा सीआरआय बघा, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा. तो ९०च्या वर हवा. नाहीतर लाल मणी विटकरी दिसतात. रंगतापमान, म्हणजे उजेड किती पिवळट किंवा पांढरा ते, ४००० ते ५००० केल्व्हिन मला बरं वाटतं. पारदर्शक काचेला मागून उजेड द्या, अपारदर्शक मण्यांना पुढून. विजेची जोडणी बहुतेक ठिकाणी आधी नोंदवावी लागते, तेव्हा अर्ज भरतानाच विचारा. ऐन वेळी शेजाऱ्याच्या बोर्डाकडे आशेनं बघणारे खूप भेटतात.

आता ज्या चुकीनं माझं डोकं फिरतं ती. माळेचं टोक. तारेवर ओवलेल्या माळेच्या शेवटी क्रिम्प असतो, म्हणजे तार अडकवून चेपायची बारीक धातूची नळी. सगळी माळ तिच्या जिवावर लटकते आणि घाई नेमकी तिथेच होते.

एका मोठ्या प्रदर्शनात माझ्या शेजारी एक नवखा मुलगा होता. माळा देखण्या, रंगांची जाण माझ्याहून सरस. ऐन गर्दीत एका बाईंनी त्याची दगडी मण्यांची जड माळ गळ्यात घातली, आरशात बघायला मान वळवली आणि माळ तुटली. गोल घोटीव मणी आणि गुळगुळीत फरशी! मणी पार समोरच्या रांगेपर्यंत गेले. अर्धे लोक गुडघ्यांवर, अर्धे पाय उचलून उभे, त्या रेटारेटीत माझेही दोन स्टँड आडवे. बाई बिचाऱ्या ओशाळून पैसे द्यायला निघाल्या. त्यानं ते घेतले नाहीत, हे बरंच केलं. पण तिथे उभं राहून ज्यांनी हे बघितलं, त्यांच्यापैकी एकानंही पुढे त्याच्या माळेला हात लावला नाही.

संध्याकाळी त्यानं मला तार दाखवली. क्रिम्प साध्या पकडीनं चपटा केलेला, त्याची धारदार कड तारेवर बसलेली. तार तिथेच कापली गेली होती. शिवाय आत तारेचे दोन पदर, जाणारा आणि वळून परत येणारा, एकमेकांवर चढलेले.

"क्रिम्पची पक्कड नाही का तुझ्याकडे?"

"आहे ताई, पण तिनं दोनदा दाबावं लागतं. वेळ जातो."

यावर मी काय बोलणार! तर, दोनदाच दाबायचं. आधी पकडीच्या आतल्या खाचेत, म्हणजे नळीच्या मधोमध पन्हळ पडते आणि दोन पदर दोन बाजूंना होतात. मग नळी फिरवून पुढच्या गोल खाचेत ती घडी मिटवायची. उरलेलं टोक लगेच कापू नका, दोन-तीन मण्यांतून मागे ओवून घ्या. माळ ताणून घट्ट करू नका, किंचित ढील ठेवा, नाहीतर तार वळणावर घासत राहते. जड दगडांना मी ४९ पदरी, म्हणजे ४९ बारीक तारा पिळून केलेली, तारच वापरते. आणि तयार झालेली प्रत्येक माळ खुंटीला अडकवून एक हिसका देते. तुटायची असेल तर घरी तुटू दे.

काचेचे मणी स्वतः ज्योतीवर करणाऱ्यांसाठी: मऊ काचेचा मणी भट्टीत साधारण ५०० ते ५२० अंश सेल्सिअसला ठेवून मग हळूहळू निववावा लागतो. गरम मणी नुसता उष्णतारोधक फायबरच्या ब्लँकेटमध्ये गुंडाळला तर तो फक्त सावकाश गार होतो, आतला ताण जात नाही. असा मणी आठवड्यानं तडकेल, नाहीतर वर्षानं, पण तेव्हा तो दुसऱ्याच्या गळ्यात असेल. १०४ प्रसरणांकाची, म्हणजे तापल्यावर जास्त फुगणारी मऊ काच आणि बोरोसिलिकेट, म्हणजे फारच कमी फुगणारी कडक काच, एका मण्यात मिसळणाऱ्यांना तर भट्टीही वाचवत नाही. मणी सळईला चिकटू नये म्हणून लावलेल्या लेपाची भोकात उरलेली पांढरी पूडही घासून काढा, ती तशीच ठेवून विकणं हा निव्वळ आळस.

कानातल्यांच्या हुकांवर पैसे वाचवू नका. निकेलनं कान सुजलेलं गिऱ्हाईक परत येत नाही. चांदी, टायटॅनियम किंवा नायोबियम वापरा. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी अजिबात नसते, तांबं, जस्त आणि निकेल असतं. त्याला नुसतं 'सिल्व्हर' म्हणून विकणं ही फसवणूक आहे. आणि कानातलं कुणाला कानात घालू देऊ नका. कानाशी धरून बघायला सांगा, आरसा पुढे करा. आरसा दोन ठेवा.

किमतीची चिठ्ठी प्रत्येक वस्तूवर हवी. निम्मे लोक विचारायला लाजतात आणि पुढे जातात.

इलॅस्टिकच्या ब्रेसलेटला साधी गाठ नको, सर्जन्स नॉट (एक वेढा जास्त घेतलेली गाठ) मारा आणि वर गोंदाचा थेंब.

मोठ्या सभागृहात मोबाइलचं नेटवर्क दगा देतं, म्हणून सुट्टे पैसे जवळ असू द्या.

उघड्या मैदानात मंडप असेल तर चारही खांबांना वजनं बांधा, हवा शांत असली तरी.

खुर्चीत बसून फोन बघणाऱ्या विक्रेत्याशी कुणी बोलत नाही. उभं राहा, हातात काहीतरी ओवत राहा. लोक हात बघायला थांबतात. पण मान वर करून बोला, नुसतं काम करत बसू नका.

शेवटच्या तासात आवराआवर सुरू करू नका. सकाळी "एक फेरी मारून येते" म्हणून गेलेल्या बायकांपैकी ज्यांना खरंच घ्यायचं असतं, त्या नेमक्या याच वेळी परत येतात आणि तुमचं टेबल रिकामं बघून शेजारच्याकडे वळतात.