कोडनं ड्रॉइंग काढताय? सिन-कॉसच्या या चुका टाळा

बेळगावच्या उद्यमबागेत नाहीतर मच्छेत एखाद्या लेझर कटिंगवाल्याकडं जाऊन बसा. हल्ली पोरं कॅड (ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर) न उघडता पायथन नाहीतर जावास्क्रिप्टमधनंच फ्लॅन्ज (भोकं असलेली गोल चकती), ब्रॅकेट, नेमप्लेट काढून पेनड्राइव्हवर आणतात, आणि आयडिया भारीच आहे, साईझ बदलली की एक आकडा बदलायचा, नवीन फाईल तयार. पण जॉब चुकला की सगळे सूत्राला शिव्या घालतात. सूत्र बिचारं बहुतेक वेळा बरोबर असतंय, शून्य कुठं धरलं, वाय कुठल्या बाजूला वाढतंय, कोन कशात मोजला, इथं घोळ असतोय.

पहिला घोळ वायचा. ब्राउझरमधला कॅनव्हास घ्या, एसव्हीजी (वेबवरचा चित्रांचा फॉरमॅट) घ्या, शून्य वरच्या डाव्या कोपऱ्यात आणि वाय खाली वाढतंय. डीएक्सएफमध्ये (कॅडची फाईल, कटिंगला देतात ती) शाळेतल्या आलेखासारखं वर वाढतंय. तेच आकडे जसेच्या तसे डीएक्सएफमध्ये लिहिले की आरशातलं चित्र मिळतंय. आणि बघा, सहा भोकांचा साधा फ्लॅन्ज उलटा केला तरी तसाच दिसतोय, त्यामुळं कळतच नाही. मग एक दिवस ३० अंशावर खाच असलेला जॉब येतो, खाच वरच्या ऐवजी खाली पडते आणि ऑपरेटर म्हणतो, "उल्टा आगेत्री!" (कन्नडमध्ये, उलटं झालंय हो!) म्हणून टेस्टिंग कधीच गोल वस्तूवर करू नका, इंग्रजी एफ अक्षर काढून बघा, उलटंसुलटं लगेच दिसतंय. हिशेब सगळा वाय वर धरूनच करा आणि स्क्रीनवर दाखवताना एकाच फंक्शनमध्ये 'उंची वजा वाय' करा. जिथं तिथं वजा चिन्ह टाकत बसलात तर दोन वजा मिळून परत सरळ होतंय, आणि मग कुठलं काढायचं हेच कळत नाही. चाप असेल तर आणखी एक भानगड. डीएक्सएफचा चाप नेहमी घड्याळाच्या उलट दिशेनं जातोय, त्यामुळं चित्र उलटवताना सुरुवातीचा कोन 'वजा शेवट' आणि शेवटचा 'वजा सुरुवात' करावा लागतोय. नाही केलं तर पाहिजे तो तुकडा सोडून वर्तुळाचा भलताच भाग येतो.

रेडियनचं (कोन मोजायचं अंशाऐवजी दुसरं एकक) सगळ्यांना माहीत असतंय तरी चुकतंच. पायथन, जावास्क्रिप्टमध्ये सिनला ३० दिलं तर ०.५ नाही, जवळजवळ −०.९८८ मिळतंय. कॅनव्हासचं रोटेट रेडियन मागतंय, एसव्हीजीचं अंश, डीएक्सएफच्या चापाचे कोनपण अंशातच. मी कोडमध्ये व्हेरिएबलच्या नावातच 'कोन_अंश' नाहीतर 'कोन_रेड' लिहितो, दिसायला बावळट दिसतंय पण डोकं शांत राहतंय.

आता भोकं. ड्रॉइंगवर पीसीडी (भोकांचे मध्य ज्या वर्तुळावर येतात त्याचं माप) १२० लिहिलंय, तो व्यास आहे. एक्स = मध्य + त्रिज्या × कॉस, तर त्रिज्या ६०, १२० घातलं की भोकं प्लेटच्या बाहेर. हे निदान स्क्रीनवर दिसतं तरी. न दिसणारी चूक लूपमध्ये असते: कोन ० पासून ३६० 'पर्यंत', ६०-६० नं. यात सात भोकं निघतात, कारण ० आणि ३६० एकाच जागी. स्क्रीनवर एकावर एक बसल्यामुळं सहाच दिसतात, पण लेझर त्या एका भोकावर दोनदा फिरतो आणि कड जळते. ० ते ५ असा पूर्णांक मोजा आणि कोन त्यातनं काढा.

डायमेन्शनच्या बाणाला सिन-कॉस लागतच नाही, तिथं व्हेक्टर वापरा. (०,०) पासून (३०,४०) पर्यंत रेघ, लांबी ५०, भागलं की दिशा (०.६, ०.८), तिला काटकोनात (−०.८, ०.६). टोकापासून १० मागं आलात की (२४,३२), तिथनं दोन्ही बाजूला ४-४ सरकलात की (२०.८, ३४.४) आणि (२७.२, २९.६), झाला बाण. फक्त दोन्ही टोकं एकाच जागी असतील तर लांबी शून्य. जावास्क्रिप्टमध्ये शून्याला शून्यानं भागलं की एनएएन (म्हणजे 'हा आकडाच नाही') येतं, आणि कॅनव्हास असले आकडे गपचूप सोडून देतंय, एरर नाही काही नाही, बाण गायब. भागायच्या आधी लांबी तपासा. बाण तिरका कितीही असो, कोन पाहिजेच असेल तर साधा एटॅन (उतारावरनं कोन काढणारं फंक्शन) नको, एटॅन२ घ्या, नाहीतर डावीकडचे बाण उजवीकडं तोंड करतात. त्याला आधी वाय मग एक्स द्यायचं, पण एक्सेलमध्ये बरोबर उलटं, आधी एक्स. शीटमधनं कोडमध्ये उतरवताना इथंच फसगत होते.

राहिली साईझ. एसव्हीजीत एकक लिहिलं नाही तर आकडे पिक्सेल धरले जातात, आणि ९६ पिक्सेल म्हणजे एक इंच. इंकस्केपच्या (एसव्हीजी काढायचं सॉफ्टवेअर) ०.९२ च्या आधीच्या व्हर्जनमध्ये हेच ९० होतं. म्हणून १०० मिमीची प्लेट ९३.७५ आली तर तुमचं कोड तपासत बसू नका, ९० ला ९६ नं भागून बघा. ७५ आली तर कुठंतरी ७२ धरलंय. रुंदी-उंची मिमीमध्ये लिहा, व्ह्यूबॉक्सला (चित्राच्या आतल्या आकड्यांची चौकट) तेच आकडे द्या, आणि प्लेट लावायच्या आधी कार्डबोर्डवर एक कट मारून व्हर्नियर लावून घ्या.