वाड्यातील कुजलेल्या खांबाची दुरुस्ती

पेशवेकालीन वाड्याचा बराचसा भार सागवानी खांब, हस्त (खांबाच्या माथ्यावरचे आधार), तुळया आणि कड्या (तुळयांवरच्या लहान आडव्या दांड्या) यांचा सांगाडा पेलतो. मधल्या भिंती बहुधा विटांनी किंवा पांढऱ्या मातीच्या भेंड्यांनी (न भाजलेल्या विटांनी) भरलेल्या असतात. पुण्यातील १८०७ सालच्या विश्रामबाग वाड्याच्या कोरीव दर्शनी भागात ही सुतारकी आजही पाहता येते. भिंतीला तडा दिसला म्हणून वाडा पाडायला काढणे हा घाईचा निर्णय असतो, कारण सांगाडा अनेकदा शाबूत असतो.

लाकडाला हात लावण्यापूर्वी पाणी कोठून येते ते शोधावे. फुटकी कौले, तुंबलेले पन्हाळ आणि न्हाणीघराची गळती आधी थांबवावी. त्यानंतर प्रत्येक खांबाच्या बुडाशी स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहावा. तो सहज आत शिरला, तर लाकूड कुजले आहे किंवा वाळवीने पोखरले आहे असे समजावे. नव्या फरशीखाली तळखडा, म्हणजे खांब ज्यावर उभा असतो तो दगड, गाडला गेला असेल, तर फरशी पुसतानाचे पाणी थेट खांबाच्या बुडात मुरते. अशा ठिकाणी फरशी काढून तळखडा पुन्हा मोकळा करणे ही निम्मी दुरुस्ती आहे.

संरचना अभियंत्याच्या सल्ल्याने तुळईला खालपर्यंत टेकू द्यावेत आणि एका वेळी एकच खांब हाती घ्यावा. जॅकने भार सुटेल इतकेच हळूहळू उचलावे. शतकभरात झुकलेला सांगाडा एका दिवसात ओळंब्यात (अगदी सरळ उभा) आणण्याचा हट्ट धरल्यास वरचे सांधे उकलतात. कुजलेला भाग निरोगी लाकूड लागेपर्यंतच कापावा आणि तेथे जुन्या, पूर्ण वाळलेल्या सागाचा तुकडा रेषा जुळवून, लांब तिरक्या सांध्याने व लाकडी खुंट्यांनी बसवावा. संपूर्ण खांब बदलण्याची वेळ फार क्वचित येते, आणि कंत्राटदाराने तसे सुचवल्यास त्याचे कारण अवश्य विचारावे.

भिंतींना सिमेंटचा गिलावा करू नये, कारण त्यामुळे ओल आत अडकून लगतचे लाकूड सडते. चुन्याचा गिलावा पातळ थरांत द्यावा आणि काही दिवस ओलसर ठेवावा. शनिवारवाड्याचे लाकडी मजले १८२८ च्या आगीत भस्मसात झाले, हे ध्यानात ठेवून उघडी, जुनी वायरिंग याच वेळी बदलून घ्यावी. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत असल्यास परवानगी मिळाल्याखेरीज यांपैकी कोणतेही काम सुरू करू नये.